वाफे भरायला माती किती लागते, आणि ती फुकट कुठे मिळते

तळेगावजवळच्या तुमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात विटांचे चार वाफे बांधून झालेत. प्रत्येक 8 फूट लांब, 3 फूट रुंद, दीड फूट उंच. नर्सरीवाल्याने ते भरून द्यायचे 18 हजार सांगितले. म्हणून तुम्ही विचारलंय की माती स्वस्तात किंवा फुकट कुठे मिळेल, आणि शेजारच्या बांधकामावरचा माणूस एक डंपर माती फुकट टाकायला तयार आहे, ती घ्यावी का. गेली 23 वर्षं मी पुण्यात आणि आसपास लोकांच्या परसबागा लावून देते. हा प्रश्न मला दर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडा मांडू. एका वाफ्याचं माप 36 घनफूट, चारांचं 144 घनफूट. माती आपल्याकडे ब्रासने मोजतात, 100 घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे तुम्हाला जवळजवळ दीड ब्रास भरणा हवाय. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात साधारण सव्वा घनफूट माती मावते, म्हणजे 115 पोती. नर्सरीतून पोत्याच्या भावाने घेतली की रक्कम तिथे जाते ती यामुळे. नर्सरीवाला काही लुबाडत नाहीये. चाळणं, भरणं, उचलणं याची मजुरी त्यात असते.

पण तुमचा खरा प्रश्न माती कुठे मिळेल हा नाही. दीड ब्रास भरणा लागतो म्हणजे दीड ब्रास माती लागते, असं तुम्ही धरून चाललात, तिथे गणित बिघडलंय. भाजीची बहुतेक मुळं वरच्या सहा-आठ इंचांत खातात-पितात. खालचा भाग ओल धरणारा, हवा खेळती ठेवणारा आणि हळूहळू कुजणारा असला की पुरतं. माझ्या हिशेबाने तुम्हाला माती लागेल 40 ते 45 घनफूट, अर्ध्या ब्रासपेक्षा कमी. उरलेला भरणा पाला आणि शेण यांचा, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या भागात अजून फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतात.

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे वाफ्यांच्या तळाशी काय आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही. खाली मोकळी जमीन असेल तर उत्तम. फरशी किंवा कोबा असेल तर दीड फुटात जे काय आहे त्यावरच झाडाला जगायचंय, मग मातीचं प्रमाण थोडं वाढवावं लागेल आणि तळाला पाणी निघायला भोकं हवीत. गच्चीवर असता तर मी मातीचं नावच काढू दिलं नसतं. ओल्या मातीचा एक फुटाचा थर चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जातो, आणि घराची गच्ची साधारण चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने बांधलेली असते. जमिनीवर ही चिंता नाही.

म्हणून पहिलं काम. वाफ्याच्या शेजारी कुदळीने एक फूट खोल खड्डा घ्या आणि काय निघतं ते बघा. नव्या रो-हाउसच्या अंगणात बहुतेक वेळा वरचे चार बोटं माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा असतो. पण काही ठिकाणी मूळ शेतातली माती शाबूत सापडते. ती सापडली तर तुमची निम्मी माती तुमच्याच अंगणात आहे. वाफ्यांमधल्या वाटा चार इंच खोल खणायच्या आणि ती माती वाफ्यात टाकायची. दोन फूट रुंदीच्या वाटा मिळून 40 फूट लांब भरल्या तर 26-27 घनफूट माती निघते. खणलेल्या वाटेत विटांचे तुकडे किंवा जाडाभरडा पाला पसरला की पावसाळ्यात चिखलही होत नाही. बागेचं काम हातात घेतलं की सगळ्यात आधी मी हेच बघते, कारण या मातीला गाडीभाडं नाही आणि बाहेरचं तण तिच्यातून येत नाही.

आता डंपरबद्दल. माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी एका बंगल्याच्या बागेसाठी मी अशीच बांधकामावरची फुकट माती घेतली. वरून काळीभोर दिसत होती. डंपर उपडा झाला तसा आतून पिवळट मुरूम निघाला, विटांचे तुकडे, वायरीचे गुंते, एक आख्खं दगड झालेलं सिमेंटचं पोतं. दोन मजूर दोन दिवस चाळत होते. जे उरलं त्यात टोमॅटो लावले. पहिल्याच जोरदार पावसानंतर वाफ्यात दोन दिवस पाणी उभं राहिलं आणि रोपं खालून पिवळी पडत गेली. त्याहून वाईट पुढे होतं. ऑगस्टमध्ये सगळीकडून लव्हाळा वर आला. लव्हाळ्याचं पातं उपटलं की ते हातात येतं, पण खाली हरभऱ्याएवढी काळी गाठ राहते, त्या गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ, अशी माळ फूटभर खोल जाते. एक गाठ सुटली तरी पंधरा दिवसांत ते परत उगवतं. शेवटी ती सगळी माती पैसे देऊन उचलावी लागली. बंगल्याच्या मालकीणबाईंनी मला एक शब्द बोलला नाही, पण त्या हंगामात त्यांना बागेतून एक भाजी मिळाली नाही आणि ते मला फार लागलं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे सरसकट नाही म्हणावं लागणार नाही. पाया खणताना वरची माती पहिल्या दिवशी निघते आणि प्लॉटच्या कोपऱ्यात ढीग लावला जातो. मग त्याच्यावर मुरूम येतो, मग कातळाचे तुकडे, मग कामाचा कचरा. आपल्या भागात चांगल्या मातीचा थर फूट-दोन फुटांचा, कुठे तेवढाही नाही. त्याखालच्या मुरुमात सेंद्रिय काही नसतं, त्यात जीव नसतो. म्हणून बांधकामावरच्या माणसाला विचारायचा प्रश्न एकच : वरची माती कुठे टाकलीय? खणणं सुरू व्हायच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे असाल आणि वरच्या फूटभरातली माती पोत्यांत भरून आणाल, तर ती सोनं आहे. खणून महिना झालेल्या ढिगातला डंपर मात्र नको.

माती कुठूनही आणा, चार पोत्यांपेक्षा जास्त आणण्याआधी एक तांब्याभर आणून तपासा. मी तीन गोष्टी करते.

पहिली बरणी. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, खडे-काड्या काढलेली, वर पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवायची आणि ओट्यावर ठेवून द्यायची. मिनिटभरात रेती तळाला बसते, तिथे पेनाने रेघ मारा. दोन-तीन तासांनी पोयट्याचा, म्हणजे रेतीहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा, थर बसतो, दुसरी रेघ. चिकणमाती बसायला एक दिवस, कधी दोन दिवस लागतात, आणि तोवर पाणी चहासारखं राहतं. वर जे काळं तरंगतं ते सेंद्रिय, ते जितकं जास्त तितकं बरं. चिकणमातीचा थर निम्म्याच्या वर गेला तर ती आपली काळी माती. ती वाईट नसते, उलट कसदार असते, पण भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात कुजलेला पाला भरपूर घालायचा. थोडी वाळू घालून ती सैल करायचा मोह टाळा, त्याने ती विटेसारखी घट्ट बसते.

दुसरी तपासणी उगवणीची. एका कुंडीत ती माती भरून, अर्ध्या भागात मेथी पेरून, उन्हात ठेवा आणि रोज पाणी द्या. मेथी तीन-चार दिवसांत वर आली आणि आठवड्यानंतरही हिरवी, सरळ राहिली तर मातीत रोपाला मारणारं काही नाही असं धरायला हरकत नाही. मोकळ्या अर्ध्या भागात पंधरा दिवसांत काय उगवतं ते बघा. गाजरगवत आलं तर उपटता येतं. लव्हाळा किंवा हरळी आली तर ती माती घेऊच नका, ती कितीही स्वस्त असली तरी.

तिसरी, चमचाभर सुक्या मातीवर व्हिनेगरचे थेंब. फसफसली तर चुनखडी आहे. थोडी फसफस चालते, पण अशा मातीत चुना किंवा चुलीची राख कधी घालू नका. आपल्या घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या काळ्या माती आधीच अल्कधर्मी बाजूच्या. राख घाला, चुना घाला हा सल्ला कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीला लागू पडतो, तुमच्याकडे नाही.

मग ही अर्धा ब्रास माती आणायची कुठून? माझा क्रम असा आहे. आधी स्वतःच्या वाटा, वर सांगितलं तसं. मग सोडून दिलेल्या कुंड्या. तुमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक निरोप टाका : मेलेल्या झाडांच्या कुंड्या, घर बदलणाऱ्यांची जुनी माती घेऊन जाऊ. लोकांना ती कुठे टाकायची हा प्रश्न असतो, ते आनंदाने देतात. एका 12 इंची कुंडीतून साधारण अर्धा घनफूट माती निघते. ती दमलेली असते, पण चाळलेली, खडेविरहित असते आणि शेणखताने पुन्हा उभी राहते. मुळांवर गाठी दिसल्या तर तेवढी कुंडी सोडून द्या, त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींच्या, असतात.

त्यानंतर तलावाचा गाळ. उन्हाळ्यात पाझर तलाव, गावतळी आटतात आणि गाळ काढायची कामं निघतात. 2017 पासून राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. त्यात गाळ शेतकऱ्यांच्या शेतासाठी असतो, आपण परसबागवाले त्यात बसत नाही. पण मावळातल्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याने तो शेतात टाकून घेतला असेल, तर बांधावर उरलेली दहा-वीस पोती तो तुम्हाला देईल. गाळ फार बारीक असतो, निव्वळ वापरला तर पापुद्रा धरतो. मिश्रणात एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

आणि हे काहीच जमलं नाही तर विकत. नर्सरीतून पोत्याने घेऊ नका, टेम्पोने घ्या. छोटा हत्ती पाऊण टन वाहतो, त्यात कोरडी माती साधारण 20 घनफूट. दोन खेपांत तुमचं काम होतं. विकणाऱ्याला लाल माती द्या असं सांगू नका. लाल रंग म्हणजे चांगली माती ही पुण्यातली जुनी समजूत आहे. मी कित्येक वाफे पाहिलेत, निव्वळ लाल मातीने भरलेले, मार्चमध्ये खुरपं आत जात नाही. पोयटा मागा, आणि बरणी करून बघा. आणखी एक, माती हे कायद्याने गौण खनिज आहे, तिच्या उत्खननावर आणि वाहतुकीवर महसूल खात्याचं नियंत्रण असतं. गाडीवाल्याकडे परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका. टेकडीवरून रात्रीत खरवडून आणलेली माती स्वस्त मिळते. ती घेऊ नका, मी हात जोडून सांगते. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात, आणि टेकडीवर ती तेवढीच इंचभर असते.

नदीकाठची, नाल्याकाठची माती फुकट असली तरी खायच्या भाजीला नको. त्या पाण्यात कारखान्याचं, गटाराचं काय काय येतं ते आपल्याला दिसत नाही. गणपतीनंतर विसर्जनाच्या पिंपातली शाडू कुणी देऊ करतात. ती निव्वळ चिकणमाती, मूठभर मिसळली तर चालते, भरणा म्हणून नाही. मूर्ती प्लास्टरची असेल तर मूठभरही नको.

आता पाला, ज्याच्यासाठी तुमची वेळ अगदी योग्य आहे. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ असते, आणि सोसायट्या पानं पोत्यांत भरून गेटबाहेर ठेवतात किंवा जाळतात. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमातून पानं देणारे आणि घेणारे एकमेकांना सापडतात. चार वाफ्यांना 40 ते 50 मोठी गोणपाटाची पोती लागतील. ऐकायला खूप वाटतं, पण एका मोठ्या वर्षावृक्षाखाली तेवढी आठवड्यात जमतात. वर्षावृक्ष, पीतमोहर, गुलमोहर यांची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात. आंबा, फणस, वड यांची जाड पानं तळाला घाला. सुबाभळीचा पाला घेताना शेंगा झटकून घ्या, नाहीतर पावसाळ्यात वाफ्यात सुबाभळीचं जंगल उभं राहतं. निलगिरी टाळा.

पाल्यासोबत रसवंतीची चिपाडं. उन्हाळ्यात दर चौकात रसवंती सुरू होते आणि संध्याकाळी चिपाडांचा ढीग तिथेच पडून असतो. दोन दिवस वाळवून तळाला टाका, पाणी उत्तम धरून ठेवतात. शेणासाठी गोठा शोधा. तळेगाव-वडगाव भागात अजून गोठे आहेत. शेण जुनं हवं, निदान चार-सहा महिन्यांचं, वास गेलेलं, हातात भुसभुशीत लागणारं. ताज्या शेणातून हुमणी येते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड अळी दिसली तर ते पोतं पसरून ठेवा, कावळे-साळुंक्या साफ करून देतात. सुताराकडचा भुसा घेत असाल तर फक्त सागाचा किंवा साध्या लाकडाचा. प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो.

भरायची पद्धत सांगते. खाली जमीन असेल तर आधी ती टिकावाने सैल करा आणि भिजवा. तळाला चिपाडं, बोटाएवढ्या फांद्या, जाड पानं. मग बारीक पाला, पायाने तुडवत तुडवत आठ-नऊ इंचांपर्यंत. दर तीन इंचांना मातीची एक पाटी भुरभुरायची आणि पाणी शिंपडायचं. कुजवणारे जिवाणू त्या मातीतून येतात. कोरडा पाला नुसता कोंबला तर पावसाळ्यापर्यंत तसाच कोरडा सापडतो, आणि त्यात वाळवी होते. पाणी जीवामृताचं असेल तर फार चांगलं : 20 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन, मूठभर झाडाखालची माती, दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. पाला आणि माती यांचे थर असे जिवंत पाण्याने भिजवून माती ‘बनवायची’ हा विचार महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने, रुजवला, आणि माझी सगळी पद्धत त्यातून आलीय. पाल्यावर दोन इंच जुनं शेण. त्यावर सहा इंच मिश्रण : दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत. वर पुन्हा पाल्याचं पातळ आच्छादन, आणि मे अखेरपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी.

चार वाफ्यांचा एकत्र हिशेब मांडायचा तर पाला 40-50 पोती, तळाला जुनं शेण सिमेंटच्या पोत्याने 12-13, मिश्रणासाठी खत तेवढंच, आणि माती 40-45 घनफूट. खर्च राहतो गाडीभाड्याचा आणि शेणाचा. गांडूळखत महाग वाटलं तर सगळं शेणखतच घ्या.

मातीत तणाचं बी असल्याची शंका असेल तर एप्रिल-मेचं ऊन वापरा. भिजवलेल्या मातीचा चार-पाच इंच थर पसरून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा दाबून, चार ते सहा आठवडे ठेवा. गाजरगवताचं बी बरंचसं मरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र याने मरतील अशा भरवशावर राहू नका.

पहिल्या पावसाळ्यात वाफा बसेल. दीड फुटाचा एक फूट झाला तर घाबरू नका, पाला कुजतोय याचीच ती खूण. म्हणून भरताना काठाच्या वर चार बोटं भरा आणि पाच-सहा पोती मिश्रण बाजूला राखून ठेवा. या काळात कुजणारा पाला मातीतलं नत्र ओढून घेतो, त्यामुळे रोपं फिकट दिसली तर दर पंधरा दिवसांनी जीवामृत द्या, ती सावरतात. पहिल्या हंगामात मुळा-गाजर नको, मुळं वाकडी होतात. दोडका, काकडी, भोपळा, वाल लावा, त्यांना असला अर्धवट कुजलेला भुसभुशीत वाफा फार मानवतो. चारांपैकी एका वाफ्यात जूनमध्ये ताग पेरून, फुलावर यायच्या वेळी कापून तिथेच गाडलात, तर दिवाळीनंतर त्या वाफ्यातली मेथी-पालक बाकीच्यांपेक्षा गडद हिरवी दिसेल.

डंपरवाल्याला तूर्त थांबवा, आणि तो फूटभर खड्डा आधी घ्या. त्यात काय निघालं आणि तळाला जमीन आहे की फरशी, एवढं कळवा. फरशी असेल तर मातीचं प्रमाण आणि भोकं किती पाडायची ते वेगळं सांगावं लागेल.